योजना हाती आहे, हक्क अजून नाही

वाचकाचे पत्र

मी इचलकरंजीतील एका यंत्रमाग कारखान्यात दिवाणजी आहे. गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला मध्यरात्री छातीत दुखू लागले, म्हणून त्याला राज्य शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेल्या (अंगीकृत) एका खाजगी रुग्णालयात नेले. केशरी शिधापत्रिका दाखवूनही ‘योजनेचा बेड सध्या शिल्लक नाही’ असे सांगून ४०,००० रुपये अनामत भरायला लावली. दुसऱ्या दिवशी रुग्णालयातील योजनेच्या मदतनीसाने, म्हणजे आरोग्यमित्राने, कागद पाहिल्यावर तो योजनेत बसला आणि अँजिओप्लास्टीही झाली. पण अनामत परत मिळाली नाही आणि बाहेरून आणलेल्या औषधांच्या तीन पावत्या माझ्याकडे तशाच पडून आहेत. मी स्वतः ५४ वर्षांचा असून कुटुंबाचा मेडिक्लेम काढला आहे. त्याचा हप्ता दरवर्षी वाढतो. योजना आता सर्वांना लागू आहे, तर मेडिक्लेम सोडून द्यावा का? आमच्या कामगार संघटनेतील मंडळी म्हणतात की सर्वांसाठी आरोग्य विम्याचा कायदाच व्हायला हवा. कायद्याने नेमके काय बदलते आणि तो चालतो कसा? आमदारांना निवेदन द्यायचे झाले तर त्यात काय मागावे?

— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर

स. न. वि. वि.

आपला भाऊ आता कामावर परतला असेल, अशी आशा आहे. आपण विचारलेल्या प्रश्नांकडे वळण्याआधी आपण न विचारलेल्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण तो वेळेचा आहे: ते ४०,००० रुपये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मंजूर झालेला उपचार पूर्णपणे रोकडरहित असतो. तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधे, रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे भाडे हे सारे ठरलेल्या पॅकेजमध्ये धरलेले असते, आणि त्याच उपचारासाठी रुग्णाकडून वेगळे पैसे घेण्याची अंगीकृत रुग्णालयाला मुभा नसते. तातडीच्या वेळी रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचे, दूरध्वनीवरून पूर्वमंजुरी मिळवायची आणि कागदपत्रे मागाहून द्यायची, अशी सोयही योजनेत आहे. म्हणून १५५३८८ या क्रमांकावर तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या, आणि राज्य आरोग्य हमी सोसायटीच्या जिल्हा समन्वयकाकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. तेथे दाद लागली नाही, तर जिल्हास्तरावरील तक्रार निवारण समितीकडे जावे. अर्जात दाखल झाल्याची तारीख व वेळ, अनामत भरल्याची वेळ आणि पूर्वमंजुरीची तारीख या तीन गोष्टी एकाखाली एक लिहा. बाकीची कहाणी त्यांतूनच स्पष्ट होते.

तो आरोग्यमित्राचा टेबल मला चांगला परिचयाचा आहे. माझ्या आत्याला दाखल केले तेव्हा तो जिन्याखाली होता. एक संगणक, एक स्कॅनर आणि त्यामागे विशीतली एक मुलगी. शिधापत्रिकेवर आत्याचे नाव ‘शांताबाई’ आणि आधार कार्डावर ‘शांता’ असे होते, आणि त्या ‘बाई’पायी आमची अख्खी दुपार गेली. ती मुलगी वाईट नव्हती. चार ठिकाणी फोन करून शेवटी तिनेच मार्ग काढला. पण त्या दुपारी मला जे उमगले, ते आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. आत्याला उपचार मिळाले, ते त्या मुलीच्या चिकाटीमुळे. ती रजेवर असती, तर ‘मला उपचार मिळालेच पाहिजेत’ असे म्हणायला आत्याच्या हाती कागदोपत्री काय होते? एक शासन निर्णय होता, आणि तो शासनाने स्वतःच्या सोयीने काढलेला होता.

आपल्या राज्यातील योजनेचा प्रवासच पाहा. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ च्या नोव्हेंबरात उरलेल्या जिल्ह्यांत पोहोचली. २०१७ मध्ये तिचे नाव बदलले. १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी जोडून राबवली जाऊ लागली. २०२३ च्या जुलैमध्ये शासनाने निर्णय काढला की पिवळी, केशरी वा शुभ्र, कोणतीही शिधापत्रिका असली किंवा अधिवास प्रमाणपत्र असले, तरी प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळेल आणि उपचारांची संख्या १,३५६ होईल. त्याआधी हे संरक्षण दीड लाखाचे होते. निर्णय उत्तम होता. मात्र विस्तारित योजना प्रत्यक्षात सुरू झाली १ जुलै २०२४ रोजी, म्हणजे निर्णयानंतर जवळजवळ वर्षाने. मधल्या काळात शुभ्र शिधापत्रिकेच्या ज्या कुटुंबात मोठे आजारपण आले, त्याला ‘अजून लागू नाही’ एवढेच उत्तर होते, आणि त्या उत्तराविरुद्ध दाद मागायला जागा नव्हती. शासन निर्णयाने दिलेली गोष्ट दुसऱ्या शासन निर्णयाने वाढते, घटते किंवा पुढे ढकलली जाते. विधिमंडळाने केलेला कायदा बदलायचा झाला, तर पुन्हा विधिमंडळासमोर जावे लागते, चर्चा होते, मतदान होते आणि वर्तमानपत्रांत येते. आपल्या संघटनेतील मंडळी कायदा हवा म्हणतात, त्यामागचे खरे कारण हे आहे आणि ते योग्य आहे.

यावर कोणी म्हणेल की उपचाराचा हक्क न्यायालयाने आधीच मान्य केला आहे. ते खरे आहे. जखमी माणसाचा जीव वाचवण्याचे कर्तव्य सरकारी आणि खाजगी दोन्ही डॉक्टरांवर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठवले होते. त्या प्रकरणात १९९६ मध्ये न्यायालयाने हा संविधानाच्या अनुच्छेद २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आणि २५,००० रुपयांची भरपाई द्यायला लावली. आपल्या भावाला ‘बेड शिल्लक नाही’ हे शब्द ऐकावे लागले त्याच्या कितीतरी वर्षे आधी हा निकाल झालेला आहे. पण मध्यरात्री दाखल करण्याच्या खिडकीपाशी उभा असलेला माणूस सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकत नाही. निकालातले तत्त्व त्या खिडकीपर्यंत आणायचे, म्हणजे कोणी, किती तासांत, काय करायचे आणि न केल्यास कोणाला किती दंड होईल हे लिहून ठेवायचे, हे काम कायद्याचे आहे.

आता असा कायदा चालतो कसा, ते पाहू. आरोग्य विम्याचा कायदा आपल्या देशाला नवा नाही. कर्मचारी राज्य विमा कायदा, ज्याला आपण सगळे ईएसआय म्हणतो, तो १९४८ चा आहे. आता त्याच्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या आहेत, पण रचना तीच आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. सोळा हजार पगाराच्या कामगाराचे महिन्याला १२० रुपये जातात, मालकाचे ५२०. आपण दिवाणजी आहात, हा हिशेब आपल्याला माझ्यापेक्षा लवकर जमेल. त्या बदल्यात कामगाराला व त्याच्या कुटुंबाला बाह्यरुग्ण तपासणीपासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळे उपचार मिळतात आणि त्यांच्या खर्चाला लाख-दोन लाखांची कमाल मर्यादा नसते. आजारपणात बुडालेल्या मजुरीचा काही भागही मिळतो. वाद झाला तर त्यासाठी वेगळे न्यायालय नेमलेले आहे. ईएसआयच्या दवाखान्यांबद्दलच्या तक्रारी मला ठाऊक आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ खऱ्या आहेत. तरीही कामगाराला तेथे ‘मी वर्गणी भरली आहे, हा माझा हक्क आहे’ असे म्हणता येते.

ही वर्गणी सक्तीची का, हा प्रश्न संघटनेच्या बैठकीत नक्की निघेल. भिशीत प्रत्येकाचा नंबर कधी ना कधी लागतो, म्हणून तेथे सक्ती लागत नाही. विम्यात आपला नंबर लागू नये, अशीच प्रत्येकाची इच्छा असते. सहभाग ऐच्छिक ठेवला तर धडधाकट माणूस पैसे भरत नाही, आजारी तेवढा भरतो, मग हप्ता वाढतो, त्या हप्त्याला कंटाळून आणखी काही धडधाकट बाहेर पडतात आणि निधी कोलमडतो. आपल्या मेडिक्लेमचा हप्ता वाढण्यामागे वय आणि रुग्णालयांची वाढती बिले ही मोठी कारणे आहेतच, पण हेही एक आहे. म्हणून ज्या देशांनी सर्वांना विमा दिला, त्यांनी एक तर वर्गणी सक्तीची केली किंवा पैसा थेट करांतून घातला.

इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी अशा ठिकाणी पहिला मार्ग अपुरा पडतो, हे मात्र ठामपणे सांगायला हवे. कांडीवाला, वहिफणी कामगार, खेपेवर पैसे घेणारा हमाल, घरकाम करणारी बाई यांच्या पगारातून टक्का कापणार कोण? पगारपत्रकच नसते. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला ईएसआय लागू होत नाही, आणि कामगारांची संख्या दहाच्या आत कशी ठेवली जाते हे आपल्याला मी सांगायला नको. थायलंडसमोर हीच अडचण होती. तेथे सरकारी नोकर आणि नोंदणीकृत कामगार यांच्यासाठी दोन व्यवस्था आधीपासून होत्या. उरलेली जनता, म्हणजे लोकसंख्येचा सुमारे तीन चतुर्थांश भाग, बहुतांशी शेतकरी आणि असंघटित कष्टकरी होती. त्यांच्याकडून वर्गणी गोळा करण्याच्या फंदात न पडता तेथील सरकारने पैसा करांतून घातला. योजना २००१ मध्ये आली, एका भेटीला ३० बाट एवढेच शुल्क होते, आणि पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, राष्ट्रीय आरोग्य सुरक्षा कायदा करून तिला पक्का आधार दिला. त्या कायद्याच्या मागणीसाठी तेथील नागरी संघटनांनी ५०,००० हून अधिक सह्या गोळा केल्या होत्या. आपल्या संघटनेला हे मुद्दाम सांगा.

थायलंडच्या कायद्यातल्या दोन गोष्टी मला विशेष महत्त्वाच्या वाटतात. पहिली पैसे देण्याच्या पद्धतीची. तेथे प्रत्येक माणसाची नोंदणी त्याच्या भागातील आरोग्य केंद्र आणि तालुक्याच्या रुग्णालयाच्या जाळ्यात होते आणि बाह्यरुग्ण उपचार व प्रतिबंधासाठी नोंदलेल्या दर माणशी ठरावीक रक्कम त्या जाळ्याला आधीच मिळते. माणूस आजारी पडला काय आणि न पडला काय, रक्कम तीच. साहजिकच मधुमेह व रक्तदाब वेळेवर पकडण्यात आणि गोळ्या नियमित देण्यात रुग्णालयाचाच फायदा असतो. आपल्याकडे पैसे शस्त्रक्रियेमागे मिळतात. आपल्या भावाच्या अँजिओप्लास्टीचे पैसे रुग्णालयाला योजनेतून मिळाले; त्याआधी काही वर्षे त्याला रक्तदाबाच्या गोळ्या मिळाल्या असत्या, तर त्याबद्दल कोणालाच काही मिळाले नसते. आता त्याला ज्या गोळ्या बहुधा जन्मभर घ्याव्या लागतील, त्यांचाही भार मुख्यतः त्याच्यावरच आहे. २०१३-१४ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चाचा ६४.२ टक्के भाग लोक स्वतःच्या खिशातून करत होते. २०२१-२२ पर्यंत तो ३९.४ टक्क्यांवर आला, ही मोठी सुधारणा आहे. पण जो खर्च खिशातून होतो, त्यात औषधे आणि बाह्यरुग्ण तपासण्यांचा वाटा फार मोठा आहे, आणि नेमका तोच रुग्णालयातील भरतीपुरत्या विम्याच्या बाहेर राहतो. दुसरी गोष्ट त्या कायद्याच्या कलम ४१ ची: उपचारात इजा झाली तर चूक कोणाची हे सिद्ध होण्याची वाट न पाहता, याच कामासाठी बाजूला ठेवलेल्या निधीतून रुग्णाला भरपाई मिळते. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील तेढ कमी करणारी अशी तरतूद आपल्याकडे यावी, असे मला मनापासून वाटते.

कायदा करायचा कोणी, मुंबईत की दिल्लीत, हा मुद्दा थोडक्यात सांगतो. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने हे विषय राज्यसूचीत आहेत, विमा संघसूचीत आहे आणि सामाजिक सुरक्षा व सामाजिक विमा समवर्ती सूचीत आहे. ईएसआय केंद्राचा कायदा आहे तो त्यामुळेच. राज्याच्या विधिमंडळाकडे मागणी करताना म्हणूनच ‘आरोग्य विमा कायदा’ या नावापेक्षा ‘आरोग्य हक्क’ किंवा ‘आरोग्य हमी’ कायदा असे म्हणणे सोयीचे. अधिकारक्षेत्राचा वाद त्यामुळे टळतो.

हा मार्ग राजस्थानने चालून पाहिला आहे आणि त्या अनुभवाकडे डोळेझाक करून निवेदन लिहू नये, असा माझा आग्रह आहे. तेथे २०२१ पासून चिरंजीवी योजना होती. गरीब कुटुंबांना ती विनामूल्य होती आणि इतर कुटुंबे वर्षाला ८५० रुपये भरून तीत येत. २१ मार्च २०२३ रोजी तेथील विधानसभेने आरोग्य हक्काचे विधेयक मंजूर केले. तातडीच्या प्रसंगी आधी पैसे न मागता उपचार करण्याचे बंधन त्यात खाजगी रुग्णालयांवरही घातले होते. खाजगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. त्यांचा आक्षेप सगळाच स्वार्थाचा होता, असे मी म्हणणार नाही. ‘तातडीचा प्रसंग’ म्हणजे नेमके काय आणि रुग्णाने पैसे दिले नाहीत तर सरकार ते कोणत्या दराने व किती दिवसांत देणार, हे कायद्यात पुरेसे स्पष्ट नव्हते. ४ एप्रिलला समझोता झाला, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांची तसेच सरकारकडून जमीन वा सवलत न घेतलेली खाजगी रुग्णालये कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे सरकारने मान्य केले. पुढे राज्यपालांची संमती मिळाली, डिसेंबरात सरकार बदलले, योजनेचे नाव बदलले. कायदा पुस्तकात राहिला, पण तो राबवण्यासाठी लागणारे नियम दोन वर्षे उलटली तरी तयार झाले नाहीत. ज्या कायद्याला नियम नाहीत, त्याच्या आधारे खिडकीवरच्या माणसाला काहीच सांगता येत नाही.

आता आपल्या मेडिक्लेमविषयी. तो सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. राज्याची योजना ठरलेल्या उपचारांच्या यादीपुरती आणि अंगीकृत रुग्णालयांपुरती चालते. यादीबाहेरचे आजारपण आले किंवा रुग्णवाहिकेने दुसऱ्या दारात नेले, तर तिचा उपयोग होत नाही. शिवाय ५४ व्या वर्षी पॉलिसी एकदा खंडित झाली की आधीपासून असलेल्या आजारांना विमा लागू होण्याची प्रतीक्षा पुन्हा सुरू होते. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये ती जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली आहे, तरी त्या वयात तीन वर्षे थोडी नव्हेत. सलग पाच वर्षे पॉलिसी चालू असेल, तर फसवणुकीचे कारण सोडून, जुनी माहिती दडवली म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. ही कमाई हातची घालवू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही, तेव्हा नूतनीकरणाच्या बिलात तो लावलेला नाही ना, हे तपासा. हप्ता खरोखरच झेपत नसेल, तर पॉलिसी बंद करण्याऐवजी मूळ विमा रक्कम कमी करून त्यावर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेपलीकडचा खर्च देणारा जोडविमा, घ्या, किंवा नूतनीकरणाच्या तारखेआधी दीड महिना पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा (पोर्टेबिलिटीचा) अर्ज करा. घरात ७० वर्षांचे वा त्याहून मोठे कोणी असेल, तर उत्पन्न न पाहता मिळणारे, मोफत उपचारांसाठीचे आयुष्मान वय वंदना कार्ड त्यांच्या नावे काढून घ्या. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ती सोय झाली आहे.

निवेदन दोन पानांपेक्षा मोठे करू नका. त्यात मागा की राज्यात राहणारा प्रत्येक माणूस हक्कदार असावा आणि शिधापत्रिका वा अधिवास प्रमाणपत्र नाही म्हणून कोणाला परत पाठवू नये, कारण आपल्याच मागांवर उत्तर प्रदेशातून आणि बिहारमधून आलेले किती कामगार आहेत हे आपण रोज पाहता. बाह्यरुग्ण तपासणी आणि दीर्घ आजारांची औषधे हक्कात धरावीत. रुग्णालयांचे दर दरवर्षी ठरवून जाहीर व्हावेत आणि दावा मंजूर झाल्यावर ठरलेल्या दिवसांत पैसे न मिळाल्यास शासनाने व्याज द्यावे; ही मागणी रुग्णालयांच्या हिताची दिसते, पण ‘योजनेचा बेड शिल्लक नाही’ या उत्तरामागे पुष्कळदा थकलेली बिले असतात, त्यामुळे ती आपल्याही हिताची आहे. अनामत मागणाऱ्या रुग्णालयाला दंड आणि रुग्णाला परतावा किती दिवसांत, ते कलमातच लिहिलेले असावे. आणि नियम करण्याची मुदत, सहा महिने म्हणा, कायद्याच्या मजकुरातच घालावी, म्हणजे राजस्थानसारखे होणार नाही. सरकार विधेयक आणत नसेल, तर आमदारांना अशासकीय विधेयक मांडता येते. अशी विधेयके क्वचितच मंजूर होतात. पण मसुदा सभागृहाच्या पटलावर येतो आणि चर्चेला आला तर मंत्र्यांना त्यावर बोलावे लागते. तेवढ्यासाठीही ते करावे.

निवेदनाला अनामतीच्या पावतीची आणि औषधांच्या तिन्ही पावत्यांची झेरॉक्स जोडा. मूळ प्रती कोणाच्याही हाती देऊ नका. जिल्हा समन्वयकाकडे जाताना त्या लागतील.